वकीलबाईंना विचारा : त्यानं म्हटलं तर चालते, म्यां म्हटलं तर गुन्हा?

पोळा फुटला की आमच्या तालुका कोर्टात भांडणांची गर्दी वाढते. या महिन्याच्या टपालातही तेच दिसलं. बरीच पत्रं जातीवरून केलेल्या शिवीगाळीची आहेत. त्यांतली पाच घेतली, थोडी आखडली, भाषा ज्याची त्याची ठेवली. पत्रांमध्ये शब्द स्पष्ट लिहिले होते, ते मी गाळले. कोणते होते हे विदर्भातल्या वाचकाला सांगावं लागणार नाही.

आम्ही चौघं पहिलीपासूनचे दोस्त. त्यातला एक बौद्ध. पानठेल्यावर बसलो का तो सोताच्या जातीचं नाव घेऊन सोतावरच जोक मारते, चुलतभावालेबी तसाच बोलते. मीबी त्याले तसंच म्हनत आलो, तो हासते. ग्रामसभेत घरकुलाच्या यादीवरून त्याच्या मोठ्या बापासंग (थोरल्या काकासंग) माही बाचाबाची झाली आन् रागात तोच शब्द निंघून गेला. गाव जमलं होतं. आता ते ठाण्यात जातो म्हनतात. दोस्तानं बोलनं सोडलं. वकीलबाई, शब्द तोच हाय. त्यानं म्हटलं तर चालते, म्यां म्हटलं तर गुन्हा काहून? तंटामुक्तीत मिटन का? मी पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो.
— कास्तकार, वय २६, दिग्रस तालुका

भाऊ, आधी कायद्याचं सांगते, दोस्ताचं मागून.

ज्याला सगळे 'ॲट्रॉसिटी' म्हणतात तो १९८९ चा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमाची सुरुवातच अशी आहे की, जो अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नाही अशा कोणीही पुढीलपैकी काही केलं तर. तुमचा दोस्त या पहिल्याच ओळीत बाहेर पडतो आणि तुम्ही आत राहता. म्हणजे तुमच्या 'काहून'चं उत्तर कायद्यापुरतं तिथंच मिळालं. पुढे दोन पोटकलमं आहेत, ठाण्यात त्यांना 'आर' आणि 'एस' म्हणतात. 'आर' म्हणजे पाणउतारा करण्याच्या हेतूनं लोकांसमक्ष अपमान करणं किंवा धाक दाखवणं, आणि 'एस' म्हणजे लोकांसमक्ष जातीचं नाव घेऊन शिवी देणं. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं, वर दंड. ग्रामसभेपेक्षा जास्त 'लोकांसमक्ष' अशी जागा गावात दुसरी नाही.

'मला त्यांची जात ठाऊक नव्हती' असं काही लोक कोर्टात म्हणतात. तुम्हाला तेही म्हणता येणार नाही. २०१५ च्या दुरुस्तीनं ही फट बुजवली. आरोपीची त्या माणसाशी किंवा त्याच्या घराशी ओळख असेल, तर जात माहीत होती असंच कोर्ट धरून चालतं. नव्हती हे आरोपीनं सिद्ध करायचं. रागात निघून गेला हाही बचाव नाही. माणूस शिव्या देतो त्या रागातच देतो.

तक्रार झाली तर तपास साधा जमादार करत नाही, उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची बंदी आहे. तक्रार वाचून सकृतदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तरच कोर्ट तो विचारात घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण तुमच्या प्रकरणात अर्धं गाव साक्षीदार आहे. तंटामुक्त गाव समितीला हा गुन्हा मिटवण्याचा अधिकार नाही, ठाणेदारालाही नाही. खासगी स्वरूपाचं प्रकरण असेल आणि समेट खरोखर राजीखुशीचा असेल तर वरिष्ठ न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं, असा २०२१ चा निकाल आहे. पण ती वाट नागपूर खंडपीठाची, खर्चाची आणि वेळेची. तेवढ्यात भरतीची जाहिरात येऊन जाते. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का' हा रकाना असतो, आणि तो लपवणं म्हणजे हातानं नोकरी घालवणं.

आता त्यांच्या दारात जायचं असेल तर जा, पण एकटे जा. चार वजनदार माणसं घेऊन गेलात तर त्याला माफी म्हणत नाहीत, दबाव म्हणतात. आणि 'त्यांची मजुरी बंद करा, दुकानातून उधारी बंद करा' असं गावातलं कोणी बोलत असेल तर त्याला तिथंच थांबवा. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा याच कायद्यातला वेगळा गुन्हा आहे, आणि तो तुमच्या नावावर चढायला वेळ लागणार नाही.

आता दोस्ताचं. मी स्वतः बौद्ध घरातली, दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली. माझ्या आजोबांना वाड्यावरून त्या नावानं हाक यायची. त्यांचं स्वतःचं नाव होतं, पण हाक जातीच्याच नावानं. हाक आली की ताटावरून उठायचं. मेलेलं ढोर ओढायचं असो, सरपण फोडायचं असो, की दुसऱ्या गावी सांगावा पोचवायचा असो. 'येतो जेवून' म्हणायची सोय नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन आल्यावर त्यांनी ढोरं ओढणं सोडलं. त्या नावाच्या हाकेला ओ देणंही सोडलं आणि त्यापायी पुष्कळ सोसलं. तुमच्या दोस्तानं चुलतभावाला तो शब्द म्हटला तर कोणाला ताटावरून उठावं लागत नाही. दोघंही खालच्या बाजूला उभे राहूनच हसताहेत. तुमच्या तोंडून तो आला की म्हाताऱ्याला वाडा ऐकू येतो, मग तुमचं घर पाटलाचं असो की पाच एकरवाल्याचं. तोही ग्रामसभेत, घरकुल कोणाला द्यायचं हे ठरत असताना.

दोस्त पानठेल्यावर हसायचा, ती तुम्हाला परवानगी वाटली. असेलही. पण ती त्याच्यापुरती होती, मोठ्या बापाच्या वतीनं द्यायचा अधिकार त्याला कुठून आला? आणि चौघांच्या टोळक्यात एकटा असलेला माणूस किती वेळा खरंच हसला आणि किती वेळा हसून घेतलं, ते तोच सांगू जाणे.

आमच्यातही यावर एकमत आहे असं समजू नका. 'दलित' हा शब्द कित्येकांनी लढाऊपणे छातीवर मिरवला. कित्येकांना तो नको. नागपूर खंडपीठात त्यावर याचिका झाली, आणि २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना तो टाळायचा सल्ला दिला. त्यावरही दोन तट पडले. माझा सख्खा भाऊ जुना जातिवाचक शब्द स्वतःला लावून हसतो, मला तो घरातही खपत नाही. आमचं भांडण आहे. ते आमचं आम्ही बघू, त्यात पंच म्हणून बाहेरच्यानं यायची गरज नाही.

माझे वय ७८. आमच्या गावातील एका वस्तीस पूर्वापार जातीच्या नावानेच ओळखतात. सातबारा, पत्ते, सगळीकडे तेच. नातू म्हणतो, आबा, हे बोलू नका, गुन्हा आहे. तसेच आम्ही गांधीजींना मानणारे, त्या समाजाला आदराने 'हरिजन' म्हणतो. त्यालाही नातू हरकत घेतो. कृपया खुलासा करावा.
— निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

काका, वस्तीचं जुनं नाव पत्ता म्हणून तोंडात आलं, कोणाचा अपमान करायचा नव्हता, तर तो गुन्हा नाही. नातवानं कायदा थोडा जास्त ताणला. पण राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला आहे. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली आहेत. तुमच्या ग्रामपंचायतीनं ठराव घेतला नसेल तर तुम्हीच पत्र द्या. शिक्षकाच्या पत्राला गावात अजून वजन असतं.

'हरिजन'बद्दल नातू बरोबर आहे. वर्धा जिल्ह्यात हे ऐकायला जड जाईल, पण डॉ. आंबेडकरांना तो शब्द गांधीजींच्या हयातीतच मान्य नव्हता. सरकारी कागदांतून तो बंद करायच्या सूचना जुन्या आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की आज हा शब्द पुष्कळदा हिणवण्यासाठी वापरला जातो. तुमचा आदर खरा असेल, पण तो दाखवायला समोरच्याला नको असलेलंच नाव कशाला हवं?

मी बंजारा समाजाची आहे. अमरावतीला होस्टेलवर राहते. दोन सीनिअर मुली मला नावाने हाक मारतच नाहीत, जातीवरूनच बोलतात, 'तांड्यावरची' म्हणतात, माझ्या आईच्या कपड्यांची नक्कल करतात. मेसमध्ये सगळे हसतात. ॲट्रॉसिटी लागते का? घरी सांगितले तर शिक्षण बंद करतील अशी भीती वाटते.
— विद्यार्थिनी, मूळ पुसद तालुका

पोरी, ॲट्रॉसिटी लागत नाही. वाईट वाटतं सांगताना, पण खोटा धीर देऊन तुला ठाण्यात पाठवणार नाही. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत येतात, अनुसूचित जाती-जमातींत नाही. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेलीस तर तेलंगणात तुमचेच लोक अनुसूचित जमातीत आहेत, आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. शिवी तीच असते, पण कायद्याचं संरक्षण यादी बघून मिळतं. उलटही होतं. कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्तांत. हे तर्काला धरून आहे असं मला अजिबात वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

तुझ्याकडे दुसरं, आणि तुझ्या बाबतीत जास्त वेगानं चालणारं हत्यार आहे. तू सांगतेस त्याला रॅगिंग म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत जात, वंश, रंग, भाषा, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला मानसिक छळ स्पष्ट शब्दांत घातला. मार लागायला पाहिजे असं काही नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा वेगळा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतूनही काढलं जातं.

असं कर. तारीख, जागा, काय म्हणाल्या आणि कोण हसलं हे वहीत लिहून ठेव. मग प्राचार्यांच्या नावानं लेखी तक्रार दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर रजिस्टर पोस्टानं पाठव. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फोन फुकट लागतो. ठाण्यात गेलीस तर समोरचा भडकून शांतता भंगेल असा मुद्दाम अपमान केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ आहे, पण ते अदखलपात्र. एनसी लिहून परत पाठवतील. म्हणून आधी कॉलेजचा रस्ता धर.

घरी मात्र सांग. आधी आईलाच सांग. तिच्या कपड्यांची नक्कल होते हे वाक्य पहिलं सांगू नकोस, तक्रार दिल्याचं आधी सांग.

मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. रूम पार्टनर मणिपूरचा. मुलगा व त्याचे मित्र त्याला डोळ्यांवरून जे म्हणतात ते मला पसंत नाही. विचारले तर म्हणतो, 'बाबा, सगळेच म्हणतात, तोही चिडत नाही.' शिवाय अमेरिकेतील काळ्या गायकांची गाणी ऐकतो, त्यातला तो शब्द मोठ्याने म्हणतो. म्हणतो, ते स्वतःच म्हणतात. काय समजावू?
— वाचक, वणी

दिग्रसच्या भाऊंचं पत्र त्याला वाचायला द्या, त्याचंच पत्र आहे ते.

मणिपूरचा मुलगा कोणत्या समाजाचा आहे ते तुम्ही लिहिलं नाही. नागा किंवा कुकी असेल तर बहुधा अनुसूचित जमातीचा. मैतेई असेल तर नाही. जमातीचा असेल तर 'तो इथल्या यादीत नाही' हा बचाव आता चालत नाही. ज्या राज्यात तो अनुसूचित आहे त्याच्या बाहेरही ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२३ मध्ये ठरवलं. 'सगळेच म्हणतात' यावर त्याला निडो तानियाचं नाव सांगा. अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात त्याच्या केसांवरून टवाळी झाली, त्यातून भांडण झालं, मार बसला, आणि तो गेला. त्यानंतर केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली. वांशिक हेटाळणीसाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र कलम घाला असं समितीनं सुचवलं. ते कलम काही आलं नाही, नव्या न्याय संहितेतही नाही. म्हणजे मैतेई मुलाला दिलेल्या शिवीला थेट नाव असलेलं कलम शोधायला गेलं तर सापडत नाही.

अमेरिकेतला तो शब्द गुलामांच्या मालकांच्या तोंडचा. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं गेली, शब्द पुढं शंभर वर्षं मारहाणीत आणि फाशा देणाऱ्या जमावांच्या तोंडी राहिला. काळ्या लोकांनी तो आपसात फिरवून घेतला हे खरं आहे. पण तिथंही सगळे राजी नाहीत. २००७ मध्ये काळ्यांच्याच एनएएसीपी या जुन्या संघटनेनं डेट्रॉइटला त्या शब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. वणीच्या मुलानं त्यांच्या भांडणात कोणत्या नात्यानं बोलायचं?

तो क्रिकेट बघत असेल तर हे जास्त लवकर कळेल. जानेवारी २०१९, दरबान. पाकिस्तानचा कर्णधार सर्फराझ अहमद दक्षिण आफ्रिकेच्या फेलुक्वायोला यष्टीमागून 'अबे काले' म्हणाला. उर्दूत, म्हणजे ज्याला म्हटलं त्याला कळू नये अशा भाषेत. स्टम्पच्या माइकनं ते जगाला ऐकवलं. त्यानं माफी मागितली, तरी आयसीसीनं चार सामन्यांची बंदी घातली. २०२१ मध्ये सिडनीत सिराजला प्रेक्षकांनी वंशावरून डिवचलं तेव्हा आपण सगळे पेटून उठलो, ते योग्यच होतं. पण २००७ मध्ये मुंबईत वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवणारे कोण होते? आपलेच लोक. मुलाला हे दोन्ही सामने एका बैठकीत सांगा.

शेजारी धुरा (बांध) कोरून कोरून दोन तास (नांगराच्या ओळी) आत आला. बोललो तर भांडण. म्यां जातीचं नाव घेतलंच नाही, फक्त चोर म्हटलं, तेही धुऱ्यावर, आम्ही दोघंच होतो. मंग फोनवरही वाजलं. आता तो ॲट्रॉसिटी टाकतो म्हनते. बौद्ध झाले तर मंग जात कुठून आली? हा कायदा म्हनजे नुसतं हत्यार झालं.
— शेतकरी, मेहकर तालुका

तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं खरं असेल तर काळजी नको. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तराखंडचं असंच जमिनीच्या वादाचं प्रकरण आलं होतं. अपमान लोकांसमक्ष झालेला नसेल, आणि तो जातीमुळे नसून जमिनीच्या भांडणातून असेल, तर हे कलम लागत नाही असं ठरलं. २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की अनुसूचित जातीच्या माणसाचा प्रत्येक अपमान हा जातीचा अपमान नसतो. दोघांतला फोनही 'लोकांसमक्ष'मध्ये बसवणं अवघड. पण तेच बोलणं रेकॉर्ड करून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही टाकलंत तर सांगता येत नाही. इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकलेलं हे लोकांसमक्षच, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. 'चोर' हा शब्दही जरा जपून. समोरचा पारधी असता तर त्याच शब्दात जात आली असती, कारण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून ठेवलं होतं.

बौद्धांचा प्रश्न दर महिन्याला येतो. १९९० च्या केंद्राच्या दुरुस्तीनं अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम आहे. त्यांनी जात सोडली. गावानं सोडली असती तर तुमच्या पत्रात हा प्रश्नच आला नसता.

हत्याराचं म्हणाल तर खोट्या तक्रारी मी पाहिल्या आहेत, दोनचार जणांना माझ्या टेबलावरून परतही पाठवलं आहे. पण उलट बाजूही बघा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे या बौद्ध कुटुंबातली चार माणसं मारली गेली. तिथंही शेतातल्या रस्त्याचा वाद होता. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ मध्ये आरोपींना दोषी ठरवलं, आणि ॲट्रॉसिटी मात्र लावली नाही. जमिनीचं भांडण आहे म्हटलं की जात बाजूला पडली, असं होत नसतं.

तुमचा धुरा मात्र मोजणीनं सुटेल, कोणत्याच ठाण्यात सुटणार नाही. उपअधीक्षक भूमी अभिलेख, मेहकर यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, सोबत सातबारा जोडा. नोटीस शेजाऱ्यालाही जाईल. मोजणीच्या दिवशी दोघंही हजर राहा, आणि भूकरमापक खुणा दाखवेल तिथं त्याच दिवशी दगड गाडून घ्या.